गव्हाणीजवळचे मेंढपाळ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नाताळ जवळ आला की या सदराकडे गोठ्याविषयी, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या देखाव्याविषयी, पत्रे येतात. यंदा बहुतेकांनी एकाच मंडळींची चौकशी केली आहे, ती म्हणजे मेंढपाळांची. मूळ प्रसंग लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात, ८ ते २० या ओव्यांत आहे. मेंढपाळ रानात राहून रात्री कळप राखत आहेत. देवदूत येऊन सांगतो की तारणारा जन्मला आहे, खूण म्हणजे बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेले बाळ. ते जातात, बघतात, इतरांना सांगतात आणि देवाचा गौरव करत परततात. एवढेच. बाकी जे आपल्याला आठवते त्यातले बरेच चित्रांतून, नाटकांतून आणि अलीकडे मोबाइलवरून आलेले आहे.

आमच्या गोठ्यात तीन मेंढपाळ असतात. तीनच का? त्यांची नावे काय? (वसई)

लूक ना आकडा देतो, ना नावे. ‘मेंढपाळ’ हे अनेकवचन आहे, म्हणजे निदान दोन. पुढे काही नाही. तीन हा आकडा मात्र जुना आहे. सातव्या शतकात अर्कुल्फ नावाचा यात्रेकरू बेथलेहेमला जाऊन आला. त्याच्या प्रवासवर्णनात गावाच्या पूर्वेला एका चर्चमध्ये तीन मेंढपाळांच्या तीन कबरी असल्याची नोंद आहे. म्हणजे तोवर स्थानिक परंपरेत तीन पक्के झाले होते. पूर्वेकडून आलेले ज्ञानीही आपण तीनच धरतो, आणि तिथेही मत्तयने आकडा दिलेला नाही. भेटी तीन म्हणून माणसे तीन.

तुमच्याकडे पाच बाहुल्या असतील तर पाचही मांडा. आमची सूचना वेगळीच आहे: सगळे दाढीवाले प्रौढ ठेवू नका. कळपामागे घरातली पोरे जात. याच बेथलेहेमचा दावीद घरातला सर्वांत धाकटा, म्हणून त्याच्याकडे मेंढरे होती. एखादा बारा-तेरा वर्षांचा मुलगा त्या घोळक्यात शोभेल.

डिसेंबरात बेथलेहेममध्ये कडाक्याची थंडी असते, मेंढरे बाहेर नसतातच. म्हणून ख्रिस्तजन्म हिवाळ्यात झालाच नाही, असे एका व्याख्यानात ऐकले. खरे आहे का? (पुणे)

निष्कर्ष बरोबर असेल-नसेल, पण त्यासाठी दिलेले कारण लंगडे आहे. जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न दरवर्षी येतो आणि त्याचे उत्तर पंचांगात नाही, चाऱ्यात आहे.

बेथलेहेम डोंगराच्या कण्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७७५ मीटर उंचीवर आहे. तिथे रात्री गारठा असतो, क्वचित बर्फही पडतो. पण गावाच्या पूर्वेला जमीन झपाट्याने मृत समुद्राकडे उतरते. काही तासांच्या चालीत तुम्ही शेताच्या पट्ट्यातून यहुदियाच्या वाळवंटाच्या कडेला पोचता. खाली उतरू तशी थंडी कमी होते आणि पाऊसही कमी होतो.

तिथला पाऊस आपल्या उलटा. उन्हाळा कोरडा ठणठणीत. पहिल्या सरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पहिल्या पावसानंतर गावालगतच्या शेतात गहू आणि जव पेरतात. आता मेंढपाळाच्या जागी उभे राहून बघा. पेरलेल्या शेतात कळप घातला तर भांडण, शिवाय भरपाई. म्हणून हिवाळ्यात कळप गावापासून दूर, वाळवंटाच्या कडेला जातात. नेमके त्याच वेळी तिथे पावसाने कोवळे गवत उगवलेले असते. एप्रिल ते जूनमध्ये जव आणि गव्हाची कापणी झाली, वाळवंट करपले, की कळप पुन्हा गावाजवळ येऊन धसकटांवर चरतात. शेतकऱ्यालाही ते हवे असते, कारण लेंडीखत फुकट मिळते.

म्हणजे हिवाळ्यात मेंढरे बाहेर नसतात हे सरसकट विधान टिकत नाही. यहुदी धर्मशास्त्राच्या जुन्या चर्चेतही दोन्ही प्रकार नोंदले आहेत: एका मतानुसार रानातली जनावरे म्हणजे वल्हांडणाला (वसंतातल्या यहुदी सणाला) बाहेर जाऊन पहिल्या पावसाला घरी येणारी, दुसऱ्या मतानुसार उन्हाळा असो की पावसाळा, वस्तीत न येणारी. व्याख्याते बहुधा पहिले मत सांगतात आणि दुसरे गाळतात.

आणखी एक धागा विण्याचा. त्या भागातली मेंढी अवासी जातीची, रुंद चरबीदार शेपटीची. गाभण काळ सुमारे १५० दिवस. उन्हाळ्यात फळलेल्या मेंढ्या हिवाळ्यात, साधारण डिसेंबर-जानेवारीच्या आगेमागे वितात. विण्याच्या दिवसांत रात्रभर जागावेच लागते: अडलेली मेंढी सोडवायची, ओले कोकरू गारठू द्यायचे नाही, वासाने आलेला कोल्हा हाकलायचा. रात्रीचा पहारा या हंगामाशी जुळतो. मात्र चोर आणि लांडगे बारमाही असल्यामुळे पहाराही बारमाही होता. यावरून तारीख सिद्ध करता येत नाही.

२५ डिसेंबरला जन्मोत्सव साजरा होत असल्याची सर्वांत जुनी पक्की नोंद रोममधली, इ.स. ३३६ ची. लूकने महिना दिलेला नाही. तेव्हा मेंढपाळांना साक्षीला उभे करून कोणीही तारीख ठरवू नये, बाजूनेही नको आणि विरोधातही नको.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो: हे मेंढपाळ यरुशलेमच्या मंदिरातल्या यज्ञासाठीची कोकरे सांभाळत, निर्दोष कोकरू जन्मताच ते बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवत, म्हणून त्यांना खूण लगेच कळली. यात तथ्य किती? (ठाणे)

अर्धी गोष्ट आधाराची आहे, अर्धी हवेतली.

आधाराची बाजू आधी. बेथलेहेमजवळ ‘मिग्दल एदेर’, म्हणजे कळपाचा बुरूज, नावाचे ठिकाण होते; उत्पत्ती ३५:२१ आणि मीखा ४:८ मध्ये त्याचा उल्लेख आहे. यहुदी नियमांच्या मिश्ना या संकलनात (सुमारे इ.स. २००) एक कलम आहे: यरुशलेम आणि मिग्दल एदेर यांच्या दरम्यान, आणि सर्व दिशांना तेवढ्याच अंतरात, बेवारस जनावर सापडले तर नर होमबलीसाठी, मादी शांत्यर्पणासाठी. यावरून त्या परिसरात यज्ञाची जनावरे वावरत असावीत, एवढे म्हणता येते. आल्फ्रेड एडरशाइम या अभ्यासकाने १८८३ मध्ये याच कलमावरून बेथलेहेमचे मेंढपाळ मंदिराचे असावेत असे मांडले आणि तिथून ही कल्पना पसरली. पण कलम सापडलेल्या जनावरांविषयी आहे, मेंढपाळांच्या नोकरीविषयी नाही. यरुशलेम जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर. सणाला हजारो जनावरे त्या वाटेने जात. सुटलेले जनावर तिथलेच असणार, असा तो व्यवहारी अंदाज.

कोकरू गुंडाळण्याला मात्र प्राचीन आधार नाही. शिवाय ज्याने मेंढी विताना पाहिली आहे त्याला ही गोष्ट पटणारही नाही. कोकरू जन्मल्यावर मेंढी ते चाटून कोरडे करते. त्या चाटण्यातून आणि वासातून आई-पिलाची ओळख पक्की होते. निरोगी कोकरू अर्ध्या-एक तासात उभे राहते आणि पहिला चीक पिते. त्याला कापडात आवळून गव्हाणीत टाकले तर ते उठणार नाही, चीक चुकेल, आई वास न ओळखता नंतर लाथाडेल. निर्दोष कोकरू जपण्याचा हा मार्ग नव्हे, गमावण्याचा आहे.

बाळंत्यात गुंडाळणे ही माणसाच्या बाळाची रोजची रीत होती. यहेज्केल १६:४ मध्ये नवजात मुलीची नाळ कापली नाही, न्हाऊ घातले नाही, मीठ चोळले नाही, बाळंत्यात गुंडाळले नाही, असे तिचे हाल सांगितले आहेत. म्हणजे एरवी हे सगळे करत. मग खूण कुठली? बाळंते ही खूण नाहीच, गव्हाण ही खूण. त्या रात्री गावात जन्मलेली बाळे एकाहून अधिक असू शकतील. गव्हाणीत निजवलेले एकच असेल.

मेंढपाळ समाजाबाहेर टाकलेले, अशुद्ध होते, न्यायालयात त्यांची साक्ष चालत नसे, असे उपदेशात नेहमी ऐकतो. (अहिल्यानगर)

हे वाक्य मराठी व्यासपीठावरही इतके रुळले आहे की ते कोणी तपासत नाही. तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

साक्षीचा नियम आहे, पण तो तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातला, आणि बाबेलचा तालमूद पूर्ण झाला तो ख्रिस्तजन्मानंतर सुमारे पाचशे वर्षांनी. तिथेच म्हटले आहे की आधी मेंढपाळांवर बंदी नव्हती. ते मुद्दाम दुसऱ्यांच्या शेतात जनावरे घालतात असे दिसल्यावर ती आली. म्हणजे आक्षेप चोरीचा आहे, विटाळाचा नाही. मिश्नातही एके ठिकाणी मेंढपाळाचा धंदा गाढववाले, उंटवाले, खलाशी, दुकानदार यांच्या रांगेत लबाडीच्या धंद्यांत टाकला आहे. दुकानदारही त्यात आहे हे लक्षात घ्या! दुसऱ्या एका कलमात तर देशात शेळ्या-मेंढ्या पाळूच नयेत, फक्त सुरियात (सीरियात) आणि रानात पाळाव्यात, असे सांगितले आहे. हे सगळे शेतीवाल्यांच्या बाजूचे कायदे आहेत. बांधावरून भांडणे जिथे जिथे होतात तिथे मेंढपाळाविषयी असेच बोलले जाते.

दुसरीकडे बायबल बघा. अब्राहाम, याकोब, मोशे, दावीद सगळे मेंढरे राखणारे. स्तोत्र २३ मध्ये देव स्वतः मेंढपाळ आहे. यहेज्केल ३४ मध्ये राजांना वाईट मेंढपाळ म्हणून झापले आहे. धंदा हलका मानला असता तर ती उपमा राजांना दिली नसती. ‘मेंढपाळ मिसरी लोकांना किळसवाणे वाटतात’ हे उत्पत्ती ४६:३४ मधले वाक्य मिसर देशाविषयी आहे, यहुदियाविषयी नाही.

आमचे मत असे: हे लोक गरीब होते, कदाचित मजुरीवर दुसऱ्याचा कळप राखणारे, गावच्या पंक्तीत मागे बसणारे. लूकच्या पहिल्याच अध्यायात मरीया गाते की देवाने अधिपतींना आसनांवरून ओढून काढले आणि दीनांना उंचावले. मेंढपाळ त्या ओळीत बसतात. त्यासाठी त्यांना बहिष्कृत किंवा गुन्हेगार ठरवायची गरज नाही. उपदेशकांनी ‘साधे कष्टकरी’ म्हणावे आणि थांबावे. मराठी मंडळ्यांत धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात, तो शब्द याच धंद्यातला, हेही व्यासपीठावरून सांगता येईल.

आमच्याकडे मेंढ्या आहेत. दिवाळीनंतर वाडा (कळप आणि बिऱ्हाड) घेऊन बाहेर पडतो, रात्री शेतात मेंढ्या बसवतो. बेथलेहेमवाले रात्री कळप कसा ठेवत? (फलटण)

तुमचा प्रश्न आम्हाला सर्वांत आवडला. बरेच जुळते, काही वेगळे आहे.

तुम्ही वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावता. तिथे जाळीऐवजी दगड. तो प्रदेश चुनखडीचा असल्याने गुहा भरपूर. गुहेच्या तोंडापुढे कोरड्या दगडांची गोल भिंत रचायची, वर काटेरी झुडपे टाकायची, एकच अरुंद वाट ठेवायची. त्या वाटेत मेंढपाळ आडवा झोपतो. ‘मेंढरांचे दार मी आहे’ हे योहान १० मधले बोल या चित्रातून अधिक कळतात. दोन-तीन कळप एकाच आवारात रात्र काढत. सकाळी मिसळलेली मेंढरे वेगळी कशी करायची? प्रत्येकाने आपली हाक द्यायची. मेंढरे आपल्या माणसाच्या आवाजामागे निघतात. हे तुम्हाला सांगायला नकोच.

लूकच्या ग्रीक मजकुरात ‘पहारे’ असा अनेकवचनी शब्द आहे. त्यावरून पाळीपाळीने जागणे दिसते. यहुदी रीतीने रात्रीचे तीन प्रहर, रोमी रीतीने चार. कळपाचा आकार? लूक १५ मध्ये शंभर मेंढरांचा दाखला आहे, एका माणसाच्या आवाक्यातला आकडा.

हत्यारे तीन. पहिली दोन स्तोत्र २३ मधली ‘आकडी’ आणि ‘काठी’. काठी आखूड आणि जड, जनावर अंगावर आले तर मारायला. आकडी लांब, टेकायला आणि मेंढरू ओढायला. तिसरी गोफण. हुकलेल्या मेंढीच्या पुढे दगड टाकून तिला वळवायची. थंडीबाबत याकोबाची तक्रार उत्पत्ती ३१:४० मध्ये आहे: दिवसा उन्हाने, रात्री गारठ्याने हैराण, डोळ्याला डोळा नाही. घोंगडीचे काम तिथे लोकरीच्या जाड अंगरख्याने भागे, तोच पांघरूण.

सगळे बेथलेहेमला धावले तर मेंढरे कोणी सांभाळली? (मिरज, इयत्ता सातवी)

शाबास. लूक हे सांगत नाही. आवारात कोंडलेला कळप असेल तर एक-दोघे मागे राहिले तरी भागते. परंपरेने दाखवतात ते शेत गावापासून सुमारे दोन किलोमीटरवर, म्हणजे चढ धरूनही अर्ध्या-पाऊण तासाची वाट. जाऊन, शोधून, पाहून पहाटेपूर्वी परत येता येते. चित्रांत खांद्यावर कोकरू असते तेही लूकमध्ये नाही. त्यांनी भेट आणली असे कुठे लिहिलेले नाही.

फेब्रुवारीत यात्रेला जाणार आहोत. ‘मेंढपाळांचे शेत’ तीन ठिकाणी दाखवतात म्हणे. कुठले बघावे? (मुंबई)

तिन्ही बेथलेहेमच्या पूर्वेला बेत साहूर गावात आहेत. कॅथलिकांचे स्थळ फ्रान्सिस्कन संघाकडे आहे. तिथले तंबूच्या आकाराचे छोटे चॅपल आंतोनियो बार्लुत्सी या वास्तुकाराचे, १९५० च्या दशकातले. जवळच जुन्या मठाचे अवशेष आणि काजळी धरलेल्या गुहा आहेत. ग्रीक ऑर्थोडॉक्स स्थळी जमिनीखाली गुहेतले प्राचीन चर्च आहे, फरशीवर मोझेइक. प्राचीनतेच्या दृष्टीने हे जास्त वजनाचे. तिसरे वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या आवारात, प्रॉटेस्टंट यात्रेकरूंचे, तुलनेने मोकळे आणि शांत.

वेळ एकाच ठिकाणचा असेल तर आधी ग्रीक स्थळ बघा. गटाला प्रार्थना करायची असेल तर फ्रान्सिस्कन. नेमके कोणते शेत ते ठरवता येणार नाही, आणि कळप काही एका जागी खिळलेला नसतो. बेथलेहेम पॅलेस्टिनी भागात आहे, यरुशलेमकडे परतताना तपासणी नाका लागतो. पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघू नका. जन्मस्थानाच्या चर्चचा दरवाजा जेमतेम सव्वा मीटर उंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी बेताने. फेब्रुवारीत टेकड्या हिरव्या असतात. कळप दिसण्याचा संभव तेव्हाच अधिक.

गोठ्यात मेंढपाळांचे रान कसे करावे? मागच्या वर्षी गहू पेरला, तो आडवा पडला आणि बुरशी आली. (मडगाव)

गहू फार लवकर पेरला आणि पाणी जास्त झाले, ही दोन्ही कारणे असणार. गहू आठ-दहा दिवसांत १२-१५ सेंटीमीटर वाढतो. तुमचा मेंढपाळ १५ सेंटीमीटरचा असेल तर तो गवतात गळ्यापर्यंत बुडतो! बेथलेहेमच्या कडेला पहिल्या पावसानंतरचे गवत घोट्याएवढे असते. म्हणून गोव्यात नाचणी पेरतात ती रीत चांगली: पाते बारीक, वाढ हळू.

कृती अशी. नाचणी रात्रभर भिजवा, निथळून ओल्या कापडात एक दिवस बांधा, मोड दिसले की पसरा. खाली भोके असलेला ट्रे, त्यात दोन ते तीन सेंटीमीटर माती आणि कोकोपीट निम्मे-निम्मे. बी एकावर एक पडू देऊ नका. बुरशी तिथूनच सुरू होते. पहिले दोन दिवस झाकून, मग उजेडात. पाणी फवाऱ्याने, सकाळी एकदाच. संध्याकाळी घातले की रात्रभर ओल राहते. १२ डिसेंबरच्या सुमारास पेरले तर २४ ला बेताचे गवत मिळते. गहूच हवा असेल तर १८ तारखेला पेरा आणि कात्रीने छाटा.

सगळे रान हिरवे करू नका. निम्म्या भागात पिवळसर माती आणि पांढरट खडे ठेवा, मागे कागदाच्या लगद्याची गुहा, पुढे खड्यांची गोल भिंत. १५ सेंटीमीटरच्या माणसाला मेंढी सहा सेंटीमीटर उंच, बाळ साडेचार. बाजारातल्या संचात मेंढ्या बहुधा फार मोठ्या येतात. त्या पुढे मांडा, लहान मागे, म्हणजे खोली दिसते. गव्हाण लाकडी फुलीची करतात ती युरोपातली. त्या भागात लाकूड दुर्मीळ, गव्हाणी दगडात कोरलेल्या किंवा मातीच्या असत. साबणाच्या वडीएवढा थर्माकोलचा ठोकळा पोखरून, वर माती-फेव्हिकॉलचा लेप दिला की दगडी गव्हाण होते.

शेकोटीसाठी पिवळा एलईडी वापरा. जुने तापणारे बल्ब वाळलेल्या पेंढ्यात पुरले की आग लागते. वायरीचे जोड ओल्या ट्रेपासून दूर ठेवा. २४ च्या रात्रीपर्यंत मेंढपाळ रानातच राहू द्या, गव्हाण रिकामी. बाळ ठेवल्यावर त्यांना जवळ आणा. ६ जानेवारीला ज्ञानी येतील तेव्हा मेंढपाळांना पुन्हा कळपाकडे सरकवा, लूकमध्येही ते परत गेले आहेत. आवराआवरीत उरलेले गवत शेळीला घाला, पण चमकी किंवा थर्माकोलचे कण पडले असतील तर नको.